कर्मवीर भाऊराव पाटील

भाऊराव पायगोंडा पाटील (२२ सप्टेंबर १८८७ – ९ मे १९५९) हे महाराष्ट्रातील शिक्षणप्रसारक व रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक होते. लोकांनी त्यांना 'कर्मवीर' ही उपाधी दिली. खेड्यापाड्यांतील निर्धन आणि अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातींतील मुलांसाठी त्यांनी वसतिगृहे, शाळा, अध्यापक विद्यालये आणि महाविद्यालये उभी केली. त्यांच्या कार्याचा क्रम मात्र रूढ क्रमाच्या उलटा होता. आधी शाळा आणि मग सोय झाल्यास वसतिगृह, असे न करता त्यांनी आधी वसतिगृह काढले. शाळा व महाविद्यालये त्यामागून आली. हा क्रम ध्यानात घेतल्याखेरीज त्यांच्या कार्याचे मर्म कळत नाही.

बालपण व शिक्षण

भाऊरावांचा जन्म कोल्हापूर परिसरातील कुंभोज या गावी, आजोळी, एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. त्यांच्या घराण्याचे गाव ऐतवडे बुद्रुक होय. वडील पायगोंडा महसूल खात्यात नोकरीस होते, आईचे नाव गंगाबाई. वडिलांच्या बदल्यांमुळे प्राथमिक शिक्षण निरनिराळ्या गावी झाले. पुढे इंग्रजी शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि तेथील जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले.

१९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परतल्यावर स्नान करून मगच भोजनगृहात यावे, अशी बोर्डिंगची अपेक्षा होती. ती त्यांनी मानली नाही. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले आणि काही काळ ते राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिले. डोक्यावरचे छप्पर आणि ताटातली भाकरी जातीच्या नियमावर अवलंबून असली की विद्यार्थ्याचे काय होते, याचा अनुभव त्यांनी असा विद्यार्थिदशेतच घेतला. पुढे त्यांनी स्वतः जी वसतिगृहे काढली, त्यांत सर्व जातींची एकच पंगत हा नियम अखेरपर्यंत ढळू दिला नाही, तो बहुधा यामुळेच. शालेय शिक्षणात मात्र त्यांची मजल इंग्रजी सहावीच्या पुढे गेली नाही.

व्यवसाय व खेड्यांचा परिचय

विवाहानंतर भाऊराव साताऱ्यास आले व शिकवण्या करू लागले. १९१० मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी दुधगाव येथे विद्यार्थी आश्रम सुरू केला. वसतिगृहाच्या कल्पनेचा हा पहिला प्रयोग म्हणता येईल. १९१४ मध्ये कोल्हापुरातील पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास भाऊरावांनी नकार दिला आणि त्यापायी कारावास सोसला.

पुढील काही वर्षे त्यांनी ओगले काचकारखान्याच्या कंदिलांची व किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री केली. साताऱ्यातील कूपर यांच्या कारखान्याशीही त्यांचा संबंध आला. तेथून ते मतभेदांमुळे बाहेर पडले. चरित्रकार या काळाचा उल्लेख सहसा ओझरता करतात. वस्तुतः नांगर विकण्याच्या निमित्ताने गावोगावी झालेली भटकंती हीच त्यांची खरी शाळा ठरली. कोणत्या गावात कोण दाता आहे, कोणत्या वाडीतील मूल चौथीनंतर गुरांमागे गेले आहे, याची खडान्खडा माहिती त्यांना होती. याच भ्रमंतीत शाळेबाहेर बसलेला ज्ञानदेव घोलप हा महार समाजातील मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला. भाऊरावांनी त्याला कोल्हापूरच्या मिस क्लार्क वसतिगृहात पोहोचविले. हेच घोलप पुढे मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले.

रयत शिक्षण संस्था व शाहू बोर्डिंग

सत्यशोधक समाजाच्या विचारांचा भाऊरावांवर खोल प्रभाव होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. पुढे गांधीजींनी हरिजन सेवेच्या निधीतून या वसतिगृहास वार्षिक साहाय्यही मिळवून दिले.

साताऱ्यातील धनिणीच्या बागेत राहणाऱ्या या मुलांत मराठा, महार, मांग, रामोशी, मुसलमान, जैन असे सर्वच होते. पाणी भरणे, दळणे, भाकरी थापणे, भांडी घासणे ही कामे मुले पाळीपाळीने करीत. त्या काळी महाराचा मुलगा पाणी भरतो व मराठ्याचा मुलगा ते पितो, ही साधी गोष्ट नव्हती. पालक येऊन मुलाला घेऊन जाण्याचा धोका असे, आणि गावकऱ्यांनी मदत थांबविण्याचाही. याच गावकऱ्यांकडून मुष्टिफंडाच्या रूपाने मूठमूठ धान्य गोळा होई व त्यावर बोर्डिंगची चूल पेटत असे. म्हणजे ज्यांच्या रूढी मोडावयाच्या, त्यांच्याच दारी धान्यासाठी जावयाचे, असा हा पेच होता. भाऊरावांनी तो वादविवादाने नव्हे, तर गावातील मूल शिकवून दाखवून सोडविला.

या कार्यात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा वाटा मोठा आहे. त्या सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढल्या होत्या, तरी बोर्डिंगच्या मुलांच्या त्या आई झाल्या. कोठारात धान्य उरले नाही तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही विकावयास काढले. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थेच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते, परंतु रोज इतक्या मुलांचे जेवण उठविण्याचे त्यांचे श्रम कोणत्याही हिशेबात नोंदले गेलेले नाहीत.

पुणे करारानंतर १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस सुरू करण्यात आले. १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करण्यासाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघाले व १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल. श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण ही पद्धत या हायस्कुलात व्यवस्थित रूढ झाली. शिकून तयार झालेले शिक्षक डोंगरी वाड्यांतील व्हॉलंटरी शाळांवर जाऊ लागले.

छत्रपती शिवाजी कॉलेज

मॅट्रिक झालेल्या मुलापुढे नवा प्रश्न उभा राही. पुढे शिकावयाचे तर पुणे, कोल्हापूर किंवा सांगली गाठावी लागे. तेथील फी, खाणावळ व खोलीचे भाडे शेतमजुराच्या मुलास परवडणारे नव्हते. शहरी विद्यार्थ्यांत पोशाख आणि बोली यांवरून येणारे एकटेपण वेगळेच. बुद्धी असूनही अनेक मुले याच टप्प्यावर गावी परतत. यावर उपाय म्हणून भाऊरावांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज स्थापन केले. विनामूल्य व निवासी असे हे महाविद्यालय होते. विद्यार्थी सकाळी अथवा सायंकाळी शेतात, रस्त्यावर वा इमारतीच्या बांधकामावर काम करीत आणि उरलेला वेळ वर्गात व अभ्यासात घालवीत. पाटी-फावडे हातात घेणे ही येथे लाज वाटण्याची बाब राहिली नाही, कारण शेजारच्या खाटेवरचा मुलगाही तेच करीत असे. केवळ फी माफ केली असती तर हे साधले नसते.

एका धनिकाने मोठी देणगी देऊ करून महाविद्यालयाचे नाव बदलण्याची अट घातली असता, संस्थेची निकड असूनही भाऊरावांनी ती देणगी नाकारल्याची हकिगत प्रसिद्ध आहे.

शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील विलायतेत शिकून परतले, ते शिवाजी कॉलेजचे प्राचार्य व पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. असे अनेक माजी विद्यार्थी अल्प वेतनावर संस्थेचे आजीव सेवक बनले. नव्याने आलेल्या मुलाला आपल्यासारखाच कोणीतरी शिक्षक म्हणून समोर दिसावा, ही सोय त्यामुळे आपोआप झाली. १९५४ मध्ये कराड येथे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज सुरू झाले आणि १९५५ मध्ये साताऱ्यात आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन.

अनुदानाचा पेच

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. त्याच सुमारास त्यांच्या सरकारवरील टीकेवरून वाद होऊन मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले. शेकडो मुले वसतिगृहांत जेवत असताना आलेले हे संकट संस्थेच्या अस्तित्वाचेच होते. भाऊराव पुन्हा गावोगाव फिरले, लोकांनी वर्गणी दिली आणि सेवकांनी पगाराविना काम केले. अखेर गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला व अनुदान पुन्हा सुरू झाले. भाऊरावांचा स्वभाव हट्टी व तापट होता. या प्रसंगात तो अडचणीचा ठरला असे म्हणता येईल, पण संस्था तगली तीही त्याच हट्टामुळे.

अखेरचा काळ व स्मारके

१९५९ च्या प्रजासत्ताकदिनी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी.लिट. पदवी अर्पण केली. ज्याचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपूर्वीच थांबले, त्याला मिळालेली ही पदवी होती. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या वेळी संस्थेची ३८ वसतिगृहे, ५७८ व्हॉलंटरी शाळा, १०८ माध्यमिक शाळा, ६ अध्यापक विद्यालये व ३ महाविद्यालये होती. त्यांची समाधी साताऱ्यात आहे. भारतीय टपाल खात्याने १९८८ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. वटवृक्ष हे रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह असून, पुणे विद्यापीठाची कमवा व शिका योजना भाऊरावांच्या नावाने चालविली जाते.