जिल्ह्याच्या शाळांचा आराखडा जिल्ह्यातच व्हावा, असे सांगणारे जे. पी. नाईक कोण होते?

केंद्रशाळा, केंद्रप्रमुख, शाळा संकुल, जिल्हा आराखडा. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात ज्यांची मुले जिल्हा परिषद शाळेत शिकतात, त्यांच्या कानावर हे शब्द सतत पडतात. 2023 मध्ये 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांची चर्चा सुरू झाली आणि गोंधळात भर पडली. गावातली शाळा जाणार की राहणार, हा प्रश्न थेट घरापर्यंत आला. यातल्या बहुतेक शब्दांचा माग काढला की आपण पोहोचतो कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या मुलापाशी.

आजरा तालुक्यातील बहिरेवाडी येथे 5 सप्टेंबर 1907 रोजी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. पुढे देशाने त्यांना जयंत पांडुरंग ऊर्फ जे. पी. नाईक म्हणून ओळखले. योगायोग असा की, त्यांची जन्मतारीख आज शिक्षक दिन म्हणून साजरी होते, पण ती दुसऱ्याच शिक्षणतज्ज्ञाच्या नावाने.

सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांना तुरुंगवास झाला. बळ्ळारीच्या तुरुंगात ते कन्नड शिकले, आजारी कैद्यांची शुश्रूषाही शिकले. सुटल्यावर मोठ्या शहरात न जाता धारवाड जिल्ह्यातल्या उप्पिन बेटगेरी या गावात राहून त्यांनी ग्रामसुधारणेचे काम केले. दिल्लीतल्या फायलींवर पुढे त्यांनी जे लिहिले, त्याची मुळे या गावात सापडतात. शाळा, आरोग्य, रस्ता आणि शेती हे गावकऱ्यांसाठी वेगवेगळे विभाग नसतात, हे त्यांनी तिथे रोज पाहिले.

चाळीसच्या दशकात कोल्हापूर संस्थानच्या प्रशासनात विकासाचे काम, मग भुदरगड तालुक्यातील गारगोटी येथे मौनी विद्यापीठाची उभारणी आणि 1948 मध्ये मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन. ही संस्था नंतर पुण्याला आली. 1955 मध्ये त्यांचा विवाह शिक्षणतज्ज्ञ चित्रा नाईक यांच्याशी झाला. चित्राताई पुढे राज्याच्या शिक्षण संचालक आणि नियोजन आयोगाच्या सदस्य झाल्या.

कोठारी आयोगात नेमके काय झाले?

केंद्र सरकारने 1964 मध्ये डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. सदस्य 17, सदस्य सचिव जे. पी. नाईक. आयोगाने 9 हजारांहून अधिक लोकांशी बोलून 29 जून 1966 रोजी अहवाल दिला. दहावी, बारावी आणि पदवीची तीन वर्षे ही आजची रचना याच अहवालाने देशभर रूढ केली. राष्ट्रीय उत्पन्नाचे 6 टक्के शिक्षणावर खर्च करण्याचे उद्दिष्टही तिथलेच. ते आजही गाठलेले नाही.

नाईकांचा जीव मात्र अडकला होता एका कमी गाजलेल्या शिफारशीत. त्यांच्या मते खेड्यातली एकटी शाळा फार दुबळी असते. एक-दोन शिक्षक, ना प्रयोगशाळा, ना ग्रंथालय, आणि अडचण विचारायला वर्षातून एखाद्या वेळी येणारा तपासनीस. म्हणून एका माध्यमिक शाळेभोवतीच्या प्राथमिक शाळांचा गट करायचा. मोठ्या शाळेची साधने सगळ्यांनी वापरायची, शिक्षकांनी ठरावीक दिवशी एकत्र बसायचे आणि वरच्या कार्यालयाचे काही अधिकार या गटाकडे द्यायचे. हेच शाळा संकुल.

त्याच्या जोडीला दोन गोष्टी होत्या. प्रत्येक शाळेने हाती असलेल्या साधनांत काय सुधारता येईल याचा स्वतःचा आराखडा करायचा. आणि नियोजनाचे मुख्य एकक राज्य नव्हे, तर जिल्हा धरायचा, कारण कोकणातला जिल्हा आणि मराठवाड्यातला जिल्हा यांची गरज एक नसते. श्रीमंत-गरीब सर्वांची मुले परिसरातल्या एकाच शाळेत शिकावीत, हाही आयोगाचा आग्रह होता. 1968 च्या राष्ट्रीय धोरणाने तो कागदावर स्वीकारला, प्रत्यक्षात उतरला नाही. सगळ्यांना सोयीचे तेवढे घेतले गेले, असे म्हणावे लागते.

नाईकांना हे दिसत होते. 1975 च्या पुस्तकात समानता, गुणवत्ता आणि संख्या हा भारतीय शिक्षणाचा हाती न लागणारा त्रिकोण असल्याची मांडणी त्यांनी केली. आयोगाच्या अहवालाचे पुढे काय झाले याचा हिशेबही त्यांनी पुस्तकातून मांडला, आणि त्यात स्वतःच्या आयोगालाही सोडले नाही. सरकारी समितीच्या सचिवाने असे करणे दुर्मीळच. दरम्यान भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची उभारणी त्यांनी केली, 1974 मध्ये पद्मभूषण मिळाले. 30 ऑगस्ट 1981 रोजी त्यांचे निधन झाले. युनेस्कोच्या 100 शिक्षणचिंतकांच्या यादीत गांधी, टागोर यांच्यासह त्यांचे नाव आहे.

मराठवाड्याशी संबंध कुठे येतो?

त्यांच्या मृत्यूनंतर 13 वर्षांनी, 1994 मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. स्त्री साक्षरता राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी असणे हा जिल्हे निवडण्याचा एक निकष होता. पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातून तेव्हाचे औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी हे जिल्हे घेतले गेले. पाचही मराठवाड्यातले. शाळांचा आराखडा जिल्ह्यात बसून करण्याची पद्धत इथे अशी आली. 2001 नंतर सर्व शिक्षा अभियानाने ती देशभर नेली. राज्यात केंद्रशाळा योजना मात्र 1994 च्याच सुमारास आली होती. तिची 4,860 केंद्रे झाली आणि साधारण दहा शाळांमागे एक केंद्रप्रमुख ठरला. संकुलाची ही धाकटी आवृत्तीच. फरक इतका की केंद्रप्रमुखाकडे अधिकार थोडे आणि माहितीचे तक्ते फार आले.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळा संकुलाची शिफारस करताना कोठारी आयोगाचा थेट उल्लेख केला आहे. पालकांनी लक्षात ठेवायचा फरक इथे आहे. संकुलात लहान शाळा आपल्या गावातच राहते आणि शेजारच्या शाळांची साधने वापरते. समूह शाळेत लहान शाळांची मुले वाहनाने एका मोठ्या शाळेत नेली जातात. पानशेत आणि तोरणमाळ येथील शाळा राज्याने याच दुसऱ्या प्रकाराचा नमुना म्हणून पुढे ठेवल्या. त्यामुळे ग्रामसभेत असा प्रस्ताव आला, तर तो यांपैकी नेमका कोणता, हे आधी विचारून घ्यावे.