बुडती टीम विकत घ्यावी का?

मागच्या सेमला होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये जोरदार वाद झाला. विषय फोर्स इंडिया. २००७ साली विजय मल्ल्या आणि त्यांच्या भागीदाराने स्पायकर नावाची रडतखडत चाललेली फॉर्म्युला वन टीम विकत घेतली. २००९ मध्ये बेल्जियमला फिसिकेला दुसरा आला आणि जुलै २०१८ मध्ये देणी थकल्याने टीम प्रशासकाच्या हाती गेली. निम्मे पब्लिक म्हणालं, पैसे पाण्यात. उरलेले म्हणाले, शौकाला मोल नसतं.

मी गप्प होतो. कारण हाच प्रश्न छोट्या साइजमध्ये माझ्यासमोर होता. आमच्या कॉलेजचा गाडी बनवणारा क्लब तुम्हाला माहीत आहेच. वर्कशॉपमागे ताडपत्रीखाली चासी पडून आहे, वेल्डिंगवाल्याची उधारी बाकी आहे आणि सिनियर्स पास होऊन गेलेत. जाताना म्हणाले, घ्या, आता तुमचं. घ्यायचं का? सबमिशन, केटी आणि वर ही उधारी!

त्याच सुट्टीत एन्झो फेरारीबद्दल मिळेल ते वाचून काढलं. लाल गाडीचे पोस्टर आपल्या निम्म्या रूम्समध्ये आहेत, पण माणूस फारसा कुणाला ठाऊक नाही. या गृहस्थाची टीम एकदा विकली गेली, एकदा त्याला दुसऱ्याची बुडालेली टीम फुकट मिळाली, एकदा त्याने विकायला नकार दिला आणि एकदा अर्धी विकली. आपल्या प्रश्नाला याहून चांगला साक्षीदार कुठे मिळणार?

एन्झोचा जन्म १८९८ चा, इटलीतल्या मोदेना गावचा. वडिलांचं लोखंडकामाचं वर्कशॉप होतं. १९१६ साली वडील गेले आणि त्याच वर्षी मोठा भाऊही गेला. एन्झो सैन्यात खेचरांना नाल ठोकत होता, तिथे आजारी पडून घरी आला. १९१८ च्या हिवाळ्यात तो तुरीनला फियाटकडे नोकरी मागायला गेला. मिळाली नाही. तिथल्या व्हॅलेंटिनो पार्कमधल्या बाकावर बसून तो रडला, असं त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. डिग्री नाही, पैसा नाही, वशिला नाही. कॅम्पसमध्ये रिजेक्ट झालेल्यांनी हे लक्षात ठेवावं!

पुढे १९२० मध्ये तो अल्फा रोमिओकडे ड्रायव्हर म्हणून लागला. ड्रायव्हर बरा होता, पण त्याचा खरा गुण वेगळा. माणसं हेरणं. १९२३ साली त्याने फियाटचा इंजिनियर व्हित्तोरियो यानो याला अल्फाकडे वळवून आणला. यानोने पी-२ गाडी बनवली आणि १९२५ ची पहिली जागतिक स्पर्धा अल्फाने जिंकली. हा यानो लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

१९२९ मध्ये एन्झोने काही पैसेवाल्या मित्रांना घेऊन मोदेनात स्कुदेरिया फेरारी काढली. गाड्या अल्फाच्या, टीम याची. १९३३ मध्ये तंगीमुळे अल्फाने रेसिंगमधून अंग काढलं आणि गाड्या एन्झोकडे आल्या. १९३५ मध्ये त्याच टीमच्या जुनाट अल्फात बसून नुव्होलारीने जर्मनीत, मर्सिडीज आणि ऑटो युनियनच्या नव्या गाड्यांना हरवलं.

मग १९३७ मध्ये अल्फाने स्कुदेरियाचा ८० टक्के हिस्सा विकत घेतला. एन्झो नावाला मॅनेजर राहिला, पण वरच्या साहेबांशी पटेना. १९३९ मध्ये तो बाहेर पडला, चार वर्षं स्वतःच्या नावाने रेसिंग करायचं नाही या अटीवर. आता हिशोब मांडा. अल्फाला मोदेनात जन्मलेली १५८ गाडी मिळाली. तिने आणि तिच्या सुधारित १५९ ने १९५० आणि १९५१ चं विजेतेपद दिलं. म्हणजे सौदा फायद्याचा? पण बाहेर पडलेल्या माणसाने मारानेल्लोला कारखाना उभारला. तो कारखाना युद्धात बॉम्बहल्ल्यात सापडला, पुन्हा उभा राहिला आणि १९४७ मध्ये त्यातून पहिली फेरारी बाहेर पडली. त्याच वर्षी व्हॅलेंटिनो पार्कमधली रेस फेरारीने जिंकली तेव्हा एन्झो त्याच जुन्या बाकावर जाऊन बसला म्हणतात. १९५१ च्या जुलैमध्ये सिल्व्हरस्टोनला गोन्झालेझने फेरारीतून अल्फाला हरवलं आणि त्याच वर्षाअखेर अल्फा रेसिंगमधून बाहेर पडली. गाडी विकत घेतली होती, माणूस निसटला होता.

दुसरा सौदा १९५५ चा. लान्चिया कंपनीने डी-५० ही भन्नाट गाडी बनवली, पण खर्चाने कंपनीचं कंबरडं मोडलं. त्यात त्यांचा हुकमी ड्रायव्हर आस्कारी मे महिन्यात मोंझाला अपघातात गेला. जुलैमध्ये लान्चियाने सहा गाड्या आणि सगळं सामान एन्झोच्या हवाली केलं, वर फियाटने पाच वर्षं दरवर्षी पाच कोटी लिरा द्यायचं कबूल केलं. आणि सामानाबरोबर कोण आला? यानो! डी-५० ची रचना त्याचीच. १९५६ मध्ये फॅन्जिओ याच गाडीवर विश्वविजेता झाला. बुडती टीम घेऊन सोनं झालं ते असं. पण त्याच वर्षी ३० जूनला एन्झोचा मुलगा दीनो चोविसाव्या वर्षी स्नायूंच्या आजाराने गेला. त्यानंतर तो माणूस बराचसा काळ्या चष्म्यामागेच राहिला.

खरं सांगायचं तर हा माणूस आवडतोच असं नाही. १९५७ च्या मिल्ले मिलिया शर्यतीत फेरारीचा टायर फुटून दोघे गाडीतले आणि नऊ प्रेक्षक मेले. त्याच्यावर खटला चालला, पुढे १९६१ मध्ये निर्दोष सुटला. त्याच वर्षी फिल हिल विश्वविजेता झाला आणि वर्षाअखेर भांडण होऊन किती, बिझ्झारिनी यांच्यासारखे मोठे लोक एकदम सोडून गेले. १९६२ मध्ये फेरारीने विश्वविजेतेपदाची एकही रेस जिंकली नाही. गाड्या तिथेच होत्या बरं का!

१९६३ मध्ये फोर्ड आली. पैसा भरपूर, बोलणी जवळजवळ पक्की. पण कलम निघालं की रेसिंगचं बजेट ठराविक रकमेच्या वर न्यायचं तर अमेरिकेतून मंजुरी लागेल. एन्झो उठला आणि सौदा तिथेच मोडला. चिडलेल्या फोर्डने स्वतःची जीटी-४० बनवली. १९६४ आणि १९६५ मध्ये ल मॉंला तिची एकही गाडी शेवटपर्यंत टिकली नाही, पण १९६६ मध्ये पहिले तिन्ही नंबर फोर्डचे. म्हणजे टीम विकत न घेताही जिंकता येतं, फक्त त्यासाठी फोर्डएवढी तिजोरी लागते.

शेवटी १९६९ मध्ये फियाटने अर्धा हिस्सा घेतला. होय, नोकरी नाकारणारी तीच फियाट. यावेळी अट उलटी होती. रस्त्यावरच्या गाड्या फियाट बघेल, रेसिंग एन्झोकडे. लगेच चमत्कार झाला नाही, १९७३ चा सीझन तर फारच वाईट गेला. पण लाउडाने १९७५ आणि १९७७ मध्ये आणि शेक्टरने १९७९ मध्ये जगज्जेतेपद आणलं. १४ ऑगस्ट १९८८ ला एन्झो गेला. त्या सीझनमध्ये मॅक्लारेनने सोळापैकी पंधरा रेस जिंकल्या. राहिलेली एक मोंझाची, एन्झो गेल्यानंतर महिन्याच्या आत, आणि तिथे फेरारी पहिल्या आणि दुसऱ्या आल्या.

तर घ्यावी का बुडती टीम? माझं उत्तर असं. नुसती बॅलन्स शीट बघितली तर घेऊ नये. एन्झो स्वतः रेसिंगच्या खर्चासाठी गाड्या विकत होता. घ्यायचीच तर आधी दोन गोष्टी बघाव्यात. ज्याला गाडी कळते तो माणूस सोबत येतोय का? आणि रेसचे निर्णय त्याच्याच हातात राहणार का? लान्चिया आणि फियाटच्या सौद्यात दोन्ही होतं, अल्फाच्या सौद्यात दुसरं नव्हतं म्हणून पहिलंही गेलं.

वर्कशॉपच्या मामांना मी काल विचारून आलो. ती चासी त्यांच्याच हातची आहे, कुठला जोड कच्चा आहे ते त्यांना पाठ आहे. ते म्हणाले, येतो संध्याकाळचा, पण मधेमधे येऊन डिझाइन बदलायचं नाही. उधारीचा आकडा मोठा आहे, खोटं कशाला बोलू. गुरुवारी मेस सुटल्यावर ताडपत्रीपाशी मीटिंग आहे. ज्यांना यायचं त्यांनी यावं, येताना जुने कपडे घालून.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी