शब्दांची जन्मतारीख शोधणारे मास्तर

इंग्रजीच्या तासाला शब्द अडला की आपल्याला डिक्शनरीकडे धाडले जाई. तिथे छापलेला अर्थ म्हणजे कायमचा, अशी आपली समजूत होती. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी मात्र सारे आयुष्य याच्या उलट गोष्ट दाखवण्यात घालवले. शब्दाचे अर्थ बदलत जातात, आणि तो बदल तारखेनिशी मांडता येतो. हे मरे मुळात शाळामास्तर होते, म्हणून या अंकात त्यांची आठवण.

त्यांचा जन्म 1837 मध्ये स्कॉटलंडमधील डेनहोम या खेड्यात झाला. वडील शिंपी. परिस्थितीमुळे चौदाव्या वर्षी शाळा सुटली, पण शिकणे सुटले नाही. अनेक भाषा ते स्वतःच शिकले. सतराव्या वर्षी सहायक शिक्षक आणि विसाव्या वर्षी मुख्याध्यापक झाले. पुढे तान्ही मुलगी गेली आणि पत्नीला क्षय झाला. तिच्या प्रकृतीसाठी शाळा सोडून ते लंडनला आले आणि बँकेत कारकुनी करू लागले. तरीही 1865 मध्ये पत्नी गेली. दोन वर्षांनी त्यांनी दुसरा विवाह केला. या संसारात अकरा मुले झाली. 1870 मध्ये मिल हिल शाळेत ते पुन्हा वर्गात उभे राहिले.

1879 मध्ये कोशाचा करार झाला. मुदत दहा वर्षांची. मरे यांनी घराच्या बागेत पत्र्याची खोली उभारली आणि वाचकांना आवाहन केले. जुनी-नवी पुस्तके वाचायची, शब्द आढळेल ते वाक्य चिठ्ठीवर उतरवायचे, लेखक व साल लिहून पाठवायचे. चिठ्ठ्यांचा पाऊस पडला. चिठ्ठ्या लावून देण्याबद्दल घरच्या मुलांना खाऊचे पैसे मिळत.

चिठ्ठ्या सालवार लावल्या की शब्दाचा प्रवास उलगडे. ‘नाइस’ म्हणजे एके काळी मूर्ख. पुढे चोखंदळ, काटेकोर, आणि मग छान. ‘सिली’ हा आज वेडगळ, पण मूळचा सुखी, पुण्यवान. ‘गर्ल’ म्हणजे पूर्वी कोणतेही मूल, मुलगा असो वा मुलगी. ‘मंगूस’ तर आपल्या मुंगसावरून तिकडे गेला.

पाच वर्षांनी, 1884 मध्ये, पहिला भाग निघाला तो ‘ए’ पासून ‘अँट’ पर्यंतच. काम दहा वर्षांत आवरणारे नव्हते. 1885 मध्ये शाळा सोडून मरे ऑक्सफर्डला गेले. तिथे शेजाऱ्याच्या तक्रारीमुळे पत्र्याची नवी खोली जमिनीत खोल बसवावी लागली. त्या ओलीत ते वर्षानुवर्षे राबले. टपाल इतके होते की खात्याने घरासमोरच पत्रपेटी बसवली.

भाषा मात्र थांबत नव्हती. ‘अपेंडिसायटिस’ हा शब्द नवा आणि केवळ डॉक्टरी म्हणून मरे यांनी वगळला होता. 1902 मध्ये त्याच दुखण्याने सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक लांबला आणि तो शब्द घरोघरी पोचला. छापलेल्या कोशात तो नव्हता.

1908 मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला. 26 जुलै 1915 रोजी ते वारले, तेव्हा ‘टी’ या अक्षराचे काम चालू होते. सहकाऱ्यांनी 1928 मध्ये कोश पुरा केला. त्यात चार लाखांवर शब्द आणि अठरा लाखांवर उताऱ्यांचे दाखले होते. पाचच वर्षांत, 1933 मध्ये, पुरवणी काढावी लागली. तीत नव्या शब्दांची भरती होती.

नातवंडांची भाषा ऐकून आपले कान टवकारतात, लाल पेनाची आठवण होते. अशा वेळी मरे मास्तरांची रीत आठवावी. शब्द चुकला म्हणण्याआधी तो कोण, कधीपासून, कोणत्या अर्थाने वापरतो, एवढे चिठ्ठीवर टिपून ठेवावे.