थॉमस नास्ट : चित्रातून निवडणूक सांगणारा माणूस

आपल्या बोथला मतदानाच्या रांगेत मराठी, तेलुगू, गोंडी अशा भाषा कानावर पडतात. ज्यांना उमेदवाराचे नाव वाचता येत नाही, ते चिन्ह पाहून बटण दाबतात. चित्राची ही ताकद दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत ज्यांनी ओळखली, त्या व्यंगचित्रकार थॉमस नास्ट यांचा हा परिचय.

नास्ट यांचा जन्म सप्टेंबर १८४० मध्ये जर्मनीतील लांडाऊ येथे झाला. १८४६ मध्ये ते आईबरोबर न्यूयॉर्कला आले. भाषा परकी, त्यामुळे शाळेत मन रमले नाही. वाचन-लेखन त्यांना पुढेही जड गेले. पत्नी सारा त्यांना वाचून दाखवत. हात मात्र चित्रात बसला आणि १८६२ पासून ते ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकासाठी नियमित चित्रे काढू लागले.

त्या काळी न्यूयॉर्कचा कारभार ‘टॅमनी हॉल’ या राजकीय संघटनेच्या हाती होता. तिचा पुढारी विल्यम ट्वीड आणि त्याच्या साथीदारांनी शहराचे कोट्यवधी डॉलर लुबाडले. हिशेबाचे आकडे सगळ्यांनाच कळत नव्हते. नास्ट यांनी ट्वीडच्या धडावर डोक्याऐवजी पैशांची थैली काढली आणि टॅमनीला वाघाचे रूप दिले. ते कोणालाही कळले! नोव्हेंबर १८७१ च्या निवडणुकीत टॅमनीचे बरेच उमेदवार पडले. ट्वीड स्वतः निवडून आला, पण पुढे तुरुंगात गेला. तेथून तो पळाला, तेव्हा १८७६ मध्ये स्पेनमध्ये त्याला ओळखायला नास्ट यांचेच चित्र उपयोगी पडले. रिपब्लिकन पक्षाचा हत्तीही त्यांच्याच १८७४ च्या चित्रातून रूढ झाला.

या साधेपणाची दुसरी बाजूही आहे. टॅमनीच्या मतदारांत गरीब आयरिश कॅथलिक पुष्कळ होते. नास्ट यांनी त्यांना वारंवार माकडासारखे रंगवले. स्वतः परदेशातून आलेल्या या कलावंताने दुसऱ्या स्थलांतरितांचा असा अपमान केला. थैलीचे चित्र एका माणसाच्या कृत्यावर होते. माकडाचे चित्र एका संपूर्ण समाजावर.

१९०२ मध्ये ते इक्वाडोरमध्ये अमेरिकेचे वाणिज्यदूत म्हणून गेले आणि ७ डिसेंबरला पिवळ्या तापाने तेथेच वारले.

पिढ्यान्‌पिढ्या अनेक भाषांच्या शेजारात राहणाऱ्या आपल्या घरांत हा फरक मुलांना जरूर सांगावा. निवडणुकीच्या दिवसांत एखादे व्यंगचित्र पाहून हसू आले, तर ते कोणावर रोखले आहे, हेही पाहावे.