हेडी लमार

हेडी लमार (जन्मनाव: हेडविग एव्हा मारिया कीस्लर, ९ नोव्हेंबर १९१४, व्हिएन्ना – १९ जानेवारी २०००, फ्लोरिडा) या ऑस्ट्रियात जन्मलेल्या अमेरिकन चित्रपट अभिनेत्री व संशोधक होत्या. दूरनियंत्रणाचे रेडिओ संकेत शत्रूच्या अडथळ्यापासून सुरक्षित राखणाऱ्या पद्धतीचे पेटंट त्यांना व संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना संयुक्तपणे मिळाले.

जीवन

लमार यांचे वडील बँकेत अधिकारी, तर आई पियानोवादक होत्या. १९३३ मध्ये त्यांचा विवाह शस्त्रास्त्रांचे कारखानदार फ्रित्स मांडल यांच्याशी झाला. १९३७ मध्ये पतीचे घर सोडून त्या अमेरिकेस गेल्या. 'अल्जियर्स' (१९३८) व 'सॅमसन अँड डिलायला' (१९४९) हे त्यांचे गाजलेले चित्रपट होत. १९५३ मध्ये त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले.

संशोधन

रेडिओने नियंत्रित होणाऱ्या पाणतीरास एकाच वारंवारतेवर आज्ञा दिल्यास शत्रू ती वारंवारता शोधून तिच्यावर प्रबळ गोंगाट प्रक्षेपित करू शकतो. मग पाणतीर भरकटतो. यावर उपाय म्हणून प्रक्षेपक व ग्राहक यांनी एकाच वेळी, पूर्वनियोजित क्रमाने वारंवारता बदलत राहावी, अशी या दोघांची कल्पना होती. स्वयंचलित पियानोत असते तशी छिद्रे पाडलेली एकसारखी कागदी पट्टी दोन्ही ठिकाणी बसवावयाची होती. पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, म्हणजे ८८ वारंवारतांची तीत सोय होती. क्रम ठाऊक नसलेल्या शत्रूस पुढील वारंवारता ओळखता येत नसे.

१० जून १९४१ रोजी केलेल्या अर्जावर ११ ऑगस्ट १९४२ रोजी पेटंट क्रमांक २२,९२,३८७ मंजूर झाले. त्यावर लमार यांचे नाव हेडी कीस्लर मार्की असे आहे. अमेरिकन नौदलाने युद्धकाळात ही यंत्रणा स्वीकारली नाही. १९५९ मध्ये पेटंटाची मुदत संपली. त्यापासून दोघांनाही आर्थिक लाभ झाला नाही.

महत्त्व

एकाहून अधिक वारंवारता वापरून संदेश सुरक्षित करण्याचा विचार निकोला टेस्ला यांच्या १९०३ च्या पेटंटांतही आढळतो. त्यामुळे लमार यांना या तत्त्वाच्या एकमेव जनक म्हणता येत नाही. वाय-फाय व जीपीएस यांचे श्रेयही त्यांना सरसकट दिले जाते. मात्र जीपीएसमध्ये संकेत पसरविण्याची पद्धत वेगळी आहे. वारंवारता बदलण्याचे तत्त्व ब्लूटूथमध्ये, तसेच अनेक ड्रोनच्या दूरनियंत्रकांत वापरले जाते.

१९९७ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने लमार व अँथाइल यांना पुरस्कार दिला. अँथाइल १९५९ मध्येच निवर्तले होते. २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक दालनात दोघांचाही मरणोत्तर समावेश झाला.