घोणसीच्या नावातला डॉक्टर

महाराष्ट्रात जिला घोणस म्हणतात, तिचे इंग्रजी नाव 'रसेल्स व्हायपर' आणि शास्त्रीय नाव 'डाबोइया रसेली'. या दोन्ही नावांतले रसेल म्हणजे पॅट्रिक रसेल, अठराव्या शतकातले एक स्कॉटिश डॉक्टर. समोर दिसलेला साप विषारी की बिनविषारी, हे सामान्य माणसाने कसे ओळखावे, या प्रश्नाचा त्यांनी भारतात राहून शास्त्रशुद्ध शोध घेतला.

एडिंबरोत वैद्यकाचे शिक्षण घेऊन रसेल सीरियातील अलेप्पो शहरी गेले. तिथल्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या वखारीत त्यांचे सावत्र बंधू अलेक्झांडर डॉक्टर होते. ते मायदेशी परतल्यावर १७५३ मध्ये ती जबाबदारी पॅट्रिक यांच्यावर आली. पुढे १७६० ते १७६२ या काळात अलेप्पोत प्लेगने थैमान घातले. रसेल यांनी रुग्णांच्या बारीकसारीक नोंदी ठेवल्या आणि त्यांतून १७९१ मध्ये प्लेगवरचा त्यांचा मोठा ग्रंथ सिद्ध झाला. ऐकीव गोष्टीवर विसंबायचे नाही, आधी पाहायचे आणि मग लिहायचे, ही शिस्त त्यांनी पुढे सापांच्या अभ्यासातही पाळली.

१७८१ मध्ये ते धाकटे बंधू क्लॉड यांच्यासोबत विशाखापट्टणमला आले. १७८५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना कर्नाटक प्रांताचे निसर्गशास्त्रज्ञ नेमले. काम मुख्यतः वनस्पतींचे होते, पण सर्पदंशाने होणारे मृत्यू पाहून त्यांच्यातला डॉक्टर सापांकडे वळला. लोक दिसेल त्या सापाला घाबरत आणि मारत. विषारी सापाचा दंश झाला, तर जडीबुटी, मंत्र आणि गोळ्या यांवर भिस्त ठेवत.

रसेल यांनी किनारपट्टीवरचे साप गोळा करायला सुरुवात केली. प्रत्येक सापाचे चित्र काढून घेतले, पोटाचे आणि शेपटीचे खवले मोजले, तोंड उघडून विषदंत आहेत का ते पाहिले आणि स्थानिक तेलुगू नावही लिहून ठेवले. जमवलेल्या सापांपैकी बहुतेक बिनविषारी निघाले. ज्यांना विषदंत होते, त्यांच्या विषाचा परिणाम त्यांनी कोंबड्यांवर आणि कुत्र्यांवर तपासला. 'कटुक रेकुल पोड' या तेलुगू नावाचा साप नागाच्या खालोखाल घातक असल्याचे त्यांनी नोंदवले. तीच आपली घोणस.

त्या काळी भोसल्यांचे राज्य असलेल्या तंजावरची एक गोळी सर्पदंशावर रामबाण म्हणून प्रसिद्ध होती. तिच्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक असे. रसेल यांनी तिचीही परीक्षा घेतली, पण भरवशाचा गुण दिसला नाही. बिनविषारी साप चावलेला रुग्ण कोणत्याही उपायाने बराच होतो आणि श्रेय मात्र उपायाला मिळते. विषारी साप कोणता हे कळल्याशिवाय औषधाची पारख होऊच शकत नाही.

१७८९ मध्ये ते इंग्लंडला परतले. १७९६ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांविषयीचा त्यांचा सचित्र ग्रंथ कंपनीच्या खर्चाने प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी जॉर्ज शॉ या प्राणिशास्त्रज्ञाने घोणसीच्या शास्त्रीय नावात रसेल यांचे नाव गुंफले. २ जुलै १८०५ रोजी लंडनमध्ये रसेल यांचे निधन झाले. दुसऱ्या खंडाचे शेवटचे भाग त्यांच्या मृत्यूनंतर बाहेर पडले.

रसेल यांच्या पद्धतीत एक अडचण होती. विषदंत तपासायचे तर साप हातात, बहुधा मेलेला, असावा लागे. दुरून पाहून विषारी साप ओळखता येईल अशी एकच खात्रीची खूण आजही उपलब्ध नाही. डुरक्या घोणस हा बिनविषारी साप, पण अंगावरच्या ठिपक्यांमुळे तो घोणसीसारखा दिसतो. अजगराचे पिलू समजून घोणस उचलणारेही असतात. कवड्या आणि मण्यार यांच्यातही गल्लत होते. म्हणून शेतात, ट्रेकवर किंवा अंगणात साप दिसला, तर त्याची जात ठरवण्यासाठी जवळ जाऊ नये. जागच्या जागी थांबावे, सावकाश मागे सरावे आणि त्याला निघून जायला वाट द्यावी. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार ऐकू आला तर घोणसीने दिलेला तो इशाराच समजावा.

रसेल यांनी साप पकडले, मारले आणि जतन केले. आज परवानगीशिवाय तसे करणे गुन्हा ठरेल. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार नाग, घोणस, धामण, अजगर अशा सापांना मारणे, पकडणे किंवा बाळगणे बेकायदा आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना साप मारला गेला, तर तो अपवाद कायद्याने मान्य केला आहे. पण वाटेने चाललेल्या सापाच्या मागे काठी घेऊन धावणे त्यात बसत नाही. फोटोसाठी दगड उलटणे, बिळात काठी घालणे किंवा शेपटी धरून चित्रफीत काढणे म्हणजे सापालाही त्रास आणि स्वतःलाही धोका. साप घरात शिरला असेल तर मुलांना आणि पाळीव प्राण्यांना दूर ठेवावे, दुरून त्याच्यावर नजर ठेवावी आणि वन विभागाला १९२६ या क्रमांकावर किंवा विभागाकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला कळवावे.

दंश झालाच, तर सापाला पकडून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. त्या धडपडीत दुसरा माणूस चावला जातो. घोणसीच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि मूत्रपिंडांना इजा होते. डॉक्टर काचेच्या नळीत रक्ताचा नमुना वीस मिनिटे ठेवतात आणि ते गोठते का ते पाहतात. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकत्रच चालते, त्यामुळे सापाचे नाव ठाऊक नसले तरी उपचार अडत नाहीत. जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. अंगठी, बांगड्या काढाव्यात, तो अवयव हलू देऊ नये आणि १०८ ला फोन करून प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे. रसेल यांच्या काळी प्रतिविष नव्हतेच. ते निघायला त्यांच्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे जावी लागली. आज ते सरकारी रुग्णालयांतही मिळते. वेळ मात्र मांत्रिकाकडे घालवू नये.