विश्लेषण : शॅम्पेनचा फेस दोम पेरिन्याँ यांना नकोच होता!

शॅम्पेन म्हटले की उडणारे बूच आणि उसळणारा फेस आठवतो. या फेसाचे श्रेय तीनशे वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच मठवासीला दिले जाते. प्रत्यक्षात तो फेस त्यांच्या लेखी दोष होता, असे इतिहासकार सांगतात. मग त्यांचे खरे काम कोणते?

कोण होते दोम पेरिन्याँ?

पिएर पेरिन्याँ यांचा जन्म १६३८च्या सुमारास फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात झाला. सात भावंडांत ते धाकटे. तरुणपणीच ते बेनेडिक्टाइन पंथाच्या मठात दाखल झाले. ‘दोम’ ही त्या पंथातील आदरार्थी उपाधी. १६६८मध्ये, म्हणजे रायगडावरील शिवराज्याभिषेकाच्या सहा वर्षे आधी, ते ओव्हिलेरच्या मठाचे कोठारी झाले. मठाची जमीन, धान्य, हिशेब आणि वाइनचे तळघर अशी सगळी जबाबदारी त्यांच्याकडे आली. १७१५मध्ये निधन होईपर्यंत, तब्बल ४७ वर्षे त्यांनी ती सांभाळली.

बागा कशा होत्या?

ओव्हिलेर हे मार्न नदीच्या खोऱ्यावरचे डोंगरउतारावरील गाव. परळी वैजनाथ जसे बालाघाटाच्या कुशीत आहे, तसेच. मात्र तिथे काळ्या दगडाऐवजी पांढरा, खडूसारखा चुनखडक. तो पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि मुळांना हळूहळू देतो. उतारावर ऊनही चांगले लागते. थंड प्रदेशात द्राक्ष पिकायला हे दोन्ही हवेच. लढाया आणि लुटालुटीमुळे मठाची घडी विस्कटली होती. पेरिन्याँ यांनी ती बसवली आणि त्यांच्या काळात मठाच्या बागा जवळपास दुपटीने वाढल्या.

त्यांनी नेमके काय बदलले?

त्यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या पद्धती बागायतदाराला लगेच पटतील. वेल तीन फुटांपेक्षा उंच वाढू नये अशी कडक छाटणी करायची. माल कमी आला तरी चालेल, पण कस हवा. काढणी सकाळच्या गारव्यात करायची. फुटलेले, चिरडलेले मणी बाजूला काढायचे. वाहतुकीला घोड्याऐवजी शांत चालीचे गाढव किंवा खेचर वापरायचे, म्हणजे माल हिंदकळत नाही. द्राक्षे पायाने न तुडवता दाबयंत्रात हलक्या हाताने आणि झटपट पिळायची. साल रसात फार वेळ राहिली नाही, तर काळ्या द्राक्षापासूनही पांढरी वाइन मिळते.

सर्वात मोठे कसब मिश्रणाचे. एका बागेची द्राक्षे आंबट, दुसरीची गोड, तिसरीची सुवासिक. ती पिळण्याआधीच योग्य प्रमाणात एकत्र करण्यात त्यांचा हातखंडा होता. आलेली द्राक्षे कोणत्या बागेची, हे न विचारता ते चाखत, असे सांगतात. त्यावरूनच ते आंधळे होते ही दंतकथा पसरली असावी. समकालीन पुरावा मात्र नाही.

फेस का नको होता?

शॅम्पेनमध्ये कडक थंडी पडली की आंबण्याची क्रिया अर्धवट थांबते. वसंतात ऊब मिळताच उरलेली साखर पुन्हा आंबू लागते. बाटली बंद असेल तर कार्बन डायऑक्साइड आत कोंडतो. त्या काळची फ्रेंच काच कमकुवत होती. एक बाटली फुटली की शेजारच्याही फुटत. वर्षभराची मेहनत तळघरात वाहून जाई.

मग शोध कुणाचा?

एका माणसाचा नाही. इंग्लंडमध्ये कोळशाच्या भट्टीत मजबूत काच तयार होत होती. पेरिन्याँ कोठारी होण्याच्या सहा वर्षे आधी, १६६२मध्ये, ख्रिस्तोफर मेरेट यांनी साखर घालून वाइन फेसाळ करण्याची रीत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली होती. पेरिन्याँ यांच्या निधनानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १८२१मध्ये, त्याच मठाचे माजी मठवासी दोम ग्रोसार यांनी एका पत्रात सारे श्रेय त्यांना दिले. जाहिरातींनी ती कथा जगभर नेली. मोएट अँड शांडन कंपनीने १९२१च्या हंगामातील शॅम्पेन १९३६मध्ये त्यांच्या नावाने बाजारात आणली.

महाराष्ट्राशी नाते काय?

शॅम्पेन हे नाव फक्त त्या प्रांतातील वाइनला लावता येते. त्यामुळे आपल्याकडे बनते ती स्पार्कलिंग वाइन. १९८०च्या दशकात नारायणगावच्या इंडेज कंपनीने फ्रेंच तंत्राच्या मदतीने ती बनवली. पुढे मोएट हेनेसी समूहाने नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीत ‘शांडन’ सुरू केली. ‘दोम पेरिन्याँ’ हे नाव मिरवणारी शॅम्पेनही याच समूहाची. पेरिन्याँ यांना नको असलेला फेस आता मुद्दाम आणला जातो. पण वाइनची द्राक्षे गारव्यात काढण्याची शिस्त नाशिकच्या बागांतही पाळली जाते.